रात्रीच्या मासेमारीसाठी केबिनची लहान होडी घेताना

गेल्या महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावाहून आमच्याकडे एक पत्र आले. पत्र लिहिणारे भाई एकोणीस वर्षे आखातात नोकरी करून आता कायमचे घरी परतले आहेत. घराणे मूळचे मासेमारीचे, वडील तांडेल होते. पण स्वतः भाई तरुणपणीच बाहेर गेल्यामुळे समुद्राशी त्यांचा संबंध सुटीपुरताच राहिला. आता त्यांना एक लहान केबिनची होडी घ्यायची आहे. संध्याकाळी निघावे, रात्रभर जाळी किंवा गळ टाकावे आणि सकाळी लिलावाच्या वेळेस बंदरावर परतावे, असा त्यांचा बेत आहे. त्यांनी दोन होड्या पाहून ठेवल्या होत्या, एक नवी आणि एक जुनी. त्यांपैकी कोणती घ्यावी, एवढेच त्यांनी विचारले होते. पत्राच्या शेवटी मात्र एक ओळ होती: "यात माझी सारी शिल्लक आणि घरच्या मंडळींचे दागिने आहेत. चूक झाली तर पुन्हा बाहेर जाण्याचे माझे वय राहिलेले नाही."

त्या ओळीमुळे आम्ही टपालाने चार ओळींचे उत्तर धाडले नाही. एका अनुभवी तांडेल चाचांना सोबत घेतले आणि जाऊन दोन्ही होड्या पाहिल्या. राजिवडा, कर्ला, मिरकरवाडा या भागांत दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करीत आले आहेत. आखातातून परतलेल्यांपैकी कित्येकांचा विचार आज होडीकडे वळतो. म्हणून जे पाहिले, मोजले आणि चाचांकडून शिकलो, ते या पानावर सविस्तर देत आहोत.

पहिली होडी नवी कोरी, फायबरची, २२ फुटी. मागे ४० अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे आऊटबोर्ड मशीन, पुढे उंच, रंगवलेली, काचा लावलेली केबिन. माणूस आत ताठ उभा राहील एवढी तिची उंची. दुसरी होडीही फायबरचीच, पण आठ वर्षे वापरलेली, २६ फुटी. तिला दोन सिलिंडरचे २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आणि मागच्या अंगाला बुटकी, काळवंडलेली केबिन. भाईंचे मन पहिलीवर बसले होते, हे सांगायला नकोच. विकणाऱ्याने त्यांना त्या होडीतून एक फेरी मारून आणली होती. खाडीच्या शांत पाण्यात, रिकाम्या होडीने, भर दुपारी!

होडी शांत पाण्यात पाहू नये, हा चाचांचा पहिला धडा. आपल्या कोकणातील बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा पट्टा साचलेला असतो. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडते, समोरून लाट येते आणि त्या उथळ जागी लाट उभी राहून फुटते. होडीची खरी परीक्षा तिथे होते. पहाटे माल भरून, थकलेल्या माणसांनी ते तोंड ओलांडायचे असते. तेव्हा होडी निवडताना प्रश्न ती किती पळते हा नाही. भरल्या वजनानिशी ती त्या तोंडातून कशी येते, हा आहे.

केबिन किती उंच असावी

केबिन ही रात्रीच्या होडीची सोय आहे आणि तीच तिचा धोकाही आहे. वजन जितके वर चढते, तितकी होडी कलंडण्यास सोपी होते. शिवाय उंच केबिन वारा पकडते. नांगरावर उभी असलेली होडी त्यामुळे रात्रभर इकडून तिकडे फिरत राहते आणि खाडीच्या तोंडाशी आडव्या वाऱ्यात सुकाणू ऐकत नाही. वीस-पंचवीस फुटी होडीत उभे राहण्याइतकी केबिन मागणे म्हणजे सायकलवर कपाट ठेवण्यासारखे आहे.

दोन माणसांना झोपण्यासाठी सहा-सव्वासहा फूट लांबीचे आणि खांद्यापाशी दोन फूट रुंदीचे दोन फळे पुरतात. बसल्यावर डोके आपटू नये एवढी उंची म्हणजे बसण्याच्या जागेपासून तीन-सव्वातीन फूट. याहून जास्त जे काही आहे ते पाहुण्यांसाठी. केबिन पुढे असावी की मागे, यावर बंदरावर वाद चालतात. पुढची केबिन पावसापाण्यापासून आडोसा देते, मागे जाळ्याला मोकळी जागा राहते. पण लाटेवर होडीचे नाक सर्वांत जास्त उचलले आणि आपटले जाते, तेव्हा तिथे झोप लागणे कठीण. मधल्या व मागच्या भागात हेलकावा कमी असतो. म्हणूनच आपल्याकडच्या इंजिनाच्या नौकांत केबिन बहुधा मागेच दिसते. आमचे मत मागच्या बुटक्या केबिनच्या बाजूने आहे. मात्र सुकाणूवर बसलेल्या माणसाला होडीच्या नाकापुढचे पाणी दिसले पाहिजे, हे स्वतः बसून पाहावे.

केबिनला हवा येण्याच्या दोन वाटा असाव्यात आणि बाहेर पडण्याच्याही दोन. एक दार आणि छतावर किंवा पुढे माणूस निघेल एवढी झडप. होडी उलटली आणि दार पाण्याखाली गेले तर दुसरी वाट म्हणजे जीव. केबिन बंद करून आत स्टोव्ह पेटवणे किंवा इंजिन चालू ठेवून झोपणे, ही चाल आम्ही अनेक होड्यांवर पाहिली. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्याला कळतही नाही. चहा बाहेर करावा.

आता होडी कलंडण्यास कितपत धजते हे कसे ओळखावे? यासाठी एक जुनी परीक्षा आहे आणि तिला खर्च नाही. होडी शांत पाण्यात, दोर ढिले सोडून ठेवावी. रात्रीच्या फेरीला जेवढे वजन लागते तेवढे तिच्यावर चढवावे. बर्फाऐवजी वाळूची पोती, जाळ्याच्या जागी जाळे, डिझेल भरलेले. मग एका बाजूला उभे राहून तिला दाबत-सोडत झुलवावे आणि सोडून द्यावे. एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत आली की एक झोका. पाच झोक्यांना लागलेले सेकंद मोजून पाचाने भागावे. आलेला आकडा होडीच्या मीटरमधील रुंदीपेक्षा कमी असावा. तो जास्त आला, होडी आळसावल्यासारखी हळूहळू परत उठत असेल, तर ती वरून जड आहे. बसणाऱ्याला असा संथ झोका सुखाचा वाटतो, आणि तेथेच माणूस फसतो.

आम्ही दोन्ही होड्यांवर ही परीक्षा केली. नव्या होडीची रुंदी साडेसहा फूट, म्हणजे जवळपास २ मीटर. तिचा झोका २.६ सेकंदांचा आला. जुनी साडेसात फूट रुंद, म्हणजे २.३ मीटर, तिचा झोका १.८ सेकंदांचा. भाईंनी घड्याळ दोनदा पाहिले. नव्या होडीच्या मालकाचे म्हणणे पडले की पोती नीट लावली नव्हती. पोती पुन्हा लावली; फरक पडला नाही.

येथे कारागीर बंधूंसाठी दोन शब्द. जुन्या उघड्या होडीवर केबिन बसवून देण्याची कामे हल्ली बरीच निघतात. गिऱ्हाईक म्हणते उंच करा, जाड प्लाय लावा, वर पाण्याची टाकी ठेवा. सुताराने ऐकले तर मजुरी मिळते, पण होडीचा तोल बिघडतो. केबिन हलक्या सामानाची करावी, छतावर काहीही ठेवू देऊ नये आणि काम झाल्यावर वरील परीक्षा गिऱ्हाईकासमोर करून दाखवावी. समुद्रावर जाणाऱ्याचा जीव ही आपल्याकडे ठेवलेली अमानतच आहे.

इंजिन आणि खर्च

पेट्रोलच्या आऊटबोर्ड मशीनचे गुण आम्ही नाकारत नाही. ते हलके असते, होडीतली जागा खात नाही, वाळूच्या पट्ट्यावर उचलून घेता येते, बिघडले तर खोलून घरी नेता येते. दिवसाच्या दोन-तीन तासांच्या गळाच्या मासेमारीसाठी ते उत्तम. रात्रभराच्या धंद्यात मात्र हिशेब निराळा होतो.

ढोबळ मानाने डिझेल इंजिन दर अश्वशक्तीस तासाला पाव लिटर तेल पिते. जुन्या पद्धतीचे टू-स्ट्रोक पेट्रोल मशीन त्याच्या जवळजवळ दुप्पट पिते; फोर-स्ट्रोक या दोहोंच्या मध्ये. आता भाईंची रोजची फेरी धरू. मासळीची जागा दहा सागरी मैलांवर आहे (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर). ताशी पाच-साडेपाच मैलांनी जाऊन-येऊन, खाडीतला वेळ धरून, सहा तास इंजिन जोरात चालेल. २० अश्वशक्तीचे इंजिन अशा वेळी साधारण दोन तृतीयांश ताकदीवर ठेवावे, म्हणजे तासाला सव्वातीन ते साडेतीन लिटर. सहा तासांचे २० लिटर, आणि जाळे टाकता-ओढताना हळू चालण्याचे आणखी सहा लिटर. एकूण २६. तेलाचा एक भाग जाण्यास, एक येण्यास आणि एक अडचणीस, हा नियम पाळला तर निघताना टाकीत ३९ म्हणजे ४० लिटर तेल असले पाहिजे. याच कामाला टू-स्ट्रोक मशीनला ५० लिटरांच्या आसपास पेट्रोल जळेल आणि सोबत ७५ लिटर न्यावे लागेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती होडीच्या तळाशी, म्हणजे झोपण्याच्या फळ्याखाली, साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

"पण नवी होडी दुप्पट वेगाने जाईल ना?" असे भाईंनी विचारले. रिकामी जाईल. पाण्यावर उचलून पळणारी होडी हलकी असेपर्यंतच पळते. बर्फ, जाळे, चार माणसे आणि मासळी चढली की ती पाण्यात बसते. पाण्यात बसून चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीने ठरतो. पाण्यालगतच्या लांबीचे फुटांतील वर्गमूळ काढून १.३४ ने गुणावे. लांबी २२ फूट असेल तर सव्वासहा सागरी मैल. त्यापुढे कितीही रेटले तरी वेग वाढत नाही, तेल मात्र वाढते. सव्वाचार मैलांची घाई ज्याला करायची त्याने करावी. पापलेट त्यामुळे जास्त सापडत नाही.

डिझेल इंजिन पाहताना अश्वशक्तीपेक्षा थंड करण्याची व्यवस्था पाहावी. गाडीचे किंवा शेतीपंपाचे इंजिन होडीत बसवलेले असेल आणि त्यातून थेट खारे पाणी फिरत असेल तर आतून गंज चढणारच. आत गोडे पाणी आणि बाहेरून खारे, अशी रचना असलेले इंजिन जास्त टिकते. आपल्या बंदरावरचा मिस्त्री जे इंजिन खोलू शकतो आणि ज्याचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, तेच घ्यावे. मासेमारी सहकारी संस्थेचे सभासद असाल तर डिझेलवरील विक्रीकराच्या परताव्याची सरकारी योजना डिझेल इंजिनाच्या बाजूने आणखी एक वजन टाकते. परतावा वेळेवर मिळत नाही, ही कोळी बांधवांची जुनी तक्रार आहे, म्हणून ती रक्कम रोजच्या खर्चात जमेस धरू नये.

बर्फाचा कप्पा

या विषयाकडे होडी घेताना कोणी पाहत नाही आणि पैसे तर इथेच बुडतात. सुरमई असो की सरंगा, लिलावात भाव पडतो तो बहुधा मासळी मऊ झाल्यामुळे. कागदावर पाहिले तर ३० अंशांवरची एक किलो मासळी शून्य अंशांवर आणायला सुमारे ३४० ग्रॅम बर्फ पुरतो. पण आपल्या हवेत कप्प्याच्या भिंतीतून, उघडझाप करताना आणि रात्रभरात जो वितळतो तो धरून किलोला किलो बर्फ लागतो. दीडशे किलो मासळीची अपेक्षा असेल तर दीडशे किलो बर्फ, आणि दोन्ही मावायला साधारण ५०० लिटरचा कप्पा. त्याच्या भिंतीत थर्माकोल किंवा पफ चांगले तीन-चार इंच असावे, तळाला वितळलेले पाणी जायला वाट असावी आणि कप्पा होडीच्या मध्यावर, शक्य तितका खाली असावा. नव्या होडीत केबिनने जागा खाल्ल्यामुळे बर्फाला एक प्लास्टिकची पेटी तेवढी होती, तीही मागच्या टोकाला मशीनशेजारी.

जुनी फायबरची होडी तपासताना

लाकडाची होडी पाहणे आपल्या लोकांना परंपरेने येते. पठाणाला सुरी टोचून पाहतात, फळीतला किडा ओळखतात. फायबर मात्र वरून चकाकते आणि आत काय आहे ते दाखवत नाही. चाचांनी खिशातून रुपयाचे नाणे काढले आणि अर्धा तास होडीच्या सर्वांगावर टकटक करीत फिरले. घट्ट जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आतल्या लाकडात पाणी शिरले असेल तिथे तो बद्द येतो. जुन्या होडीच्या इंजिनाच्या पायाशी आवाज बद्द आला. पाया लाकडाचा असतो आणि वरून फायबर चढवलेले असते. बोल्टच्या भोकातून पाणी आत गेले की लाकूड कुजते. शिवाय शाफ्ट हाताने हलवला तर नळीत खेळत होता. बाहेरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा कुठे आहेत, तळाला फोड आले आहेत काय, दोन्ही बाजू दूरून सारख्या दिसतात काय, हेही पाहावे. वाळूवर ओढली जाणारी होडी असेल तर तळाला जादा पट्टी असलीच पाहिजे.

नवी बांधून घेणाऱ्यांनी किती थर घालणार ते लेखी घ्यावे आणि एक युक्ती लक्षात ठेवावी. शाफ्टसाठी किंवा पाण्याच्या नळासाठी होडीला भोक पाडतात तेव्हा निघणारी चकती मागून घ्यावी. तिच्या कडेला थर मोजता येतात. भर पावसाळ्यात, दमट हवेत उघड्यावर घातलेले फायबर नीट पक्के होत नाही, तेव्हा काम कोरड्या दिवसांत करवून घ्यावे.

कागद, दिवे आणि भागीदारी

होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मत्स्यव्यवसाय विभागाकडून मिळतो आणि तो कोणत्या जाळ्यासाठी आहे हे त्यावर लिहिलेले असते. जुनी होडी घेताना नाव बदलून मिळेल काय, बँकेचा बोजा आहे काय, संस्थेची बाकी आहे काय, हे बयाणा देण्यापूर्वी विचारावे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंदी ठेवण्याची पद्धत आहे. तारखांसाठी त्या वर्षीचा सरकारी आदेश पाहावा. म्हणजे वर्षाची कमाई दहा महिन्यांची, आणि तीही वादळाचे दिवस वजा जाता. हौशी पाहुण्यांना पैसे घेऊन रात्रीच्या सफरीवर नेण्याचा विचार काही बंधू करतात. मासेमारीच्या परवान्यावर तसे करता येत नाही. प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी तपासणी व परवानगी लागते.

रात्री सर्वांत मोठा धोका मोठ्या जहाजांचा. जयगडसारख्या बंदरांत ती ये-जा करतात आणि त्यांना लहान फायबरची होडी रडारवर धड दिसत नाही. नांगरावर असताना चोहीकडून दिसणारा एक पांढरा दिवा, आणि जाळे किंवा दोर पाण्यात असताना वर लाल व खाली पांढरा दिवा लावावा. डोलकाठीवर पत्र्याचा रडार परावर्तक बांधावा, तो स्वस्त आहे. प्रत्येक माणसामागे जॅकेट, व्हीएचएफ संच आणि संकटाची सूचना देणारे डॅट यंत्र होडीवर असावे. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ केबिनच्या भिंतीवर रंगवून ठेवावा. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट असावा. २००९ च्या नोव्हेंबरातील फयान वादळात आपल्या किनाऱ्यावरची कितीतरी माणसे परतली नाहीत. हवामानाचा इशारा असेल तर बर्फ भरून झाला असला तरी निघू नये. "बर्फ वितळला तर शंभराचा तोटा," असे चाचा म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. त्या वादळात त्यांचा पुतण्या समुद्रावर होता.

व्याजाचे कर्ज नको म्हणून आपले बरेच लोक भागीत होडी घेतात. पद्धत चांगली आहे, पण तोंडी ठेवू नये. तेल व बर्फाचा खर्च आधी वजा जाऊन उरलेल्यात होडीचा वाटा किती, तांडेलाचा किती, खलाशाचा किती. इंजिन बसले तर दुरुस्ती कोणाच्या वाट्यातून. एक भागीदार वारला तर त्याच्या वारसांना काय, हे सारे मुद्रांकावर लिहून घ्यावे. सख्ख्या भावांतही.

भाईंना आम्ही काय सांगितले? नवी घेऊ नका, आणि जुनीही मागितलेल्या किमतीला घेऊ नका. इंजिनाच्या पायाचा आणि शाफ्टच्या नळीचा खर्च मिस्त्रीकडून लिहून आणा आणि तो किमतीतून वजा करा. जुन्या होडीचा मालक आधी रागावला. आठ दिवसांनी त्याने निरोप पाठवला आणि सौदा त्याच बोलीवर ठरला. भाईंनी घरच्या दागिन्यांपैकी निम्मे मोडलेच नाहीत. ती रक्कम दुरुस्ती आणि पहिल्या दोन महिन्यांच्या तेला-बर्फासाठी पुरेशी आहे, असे त्यांचे दुसरे पत्र सांगते. होडी सध्या वाडीत लाकडी टेकूंवर चढवलेली आहे, जुना पाया कापून काढला आहे. आत कुजलेले लाकूड आमच्या अंदाजापेक्षा हातभर जास्त निघाले. केबिन मात्र आहे तशीच बुटकी ठेवणार असल्याचे त्यांनी आवर्जून कळवले आहे.